खोली, फ्लॅट, हप्ता : मुंबईतल्या घराच्या तीन पिढ्या



आजचा विषय प्रत्येकाच्या जेवणाच्या ताटावर कधी ना कधी निघालेला आहे. मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागून पाच-सात वर्षं झाली, की घरातलं मोठं माणूस म्हणतं, "आता स्वतःची जागा बघा. आम्ही तुमच्या वयात कर्ज काढून घेतली होती." त्यावर मुलं म्हणतात, "तुमच्या वेळी स्वस्त होतं." मग मोठ्यांचं ठरलेलं उत्तर येतं, "स्वस्त होतं, पण पगारही तेवढाच होता. आम्ही हॉटेलात जात नव्हतो." इथे संभाषण थांबतं आणि दोन्ही बाजूंना वाटतं की आपलं समोरच्याला कळलेलंच नाही.

माझं म्हणणं असं आहे, की दोघंही अर्धंअर्धं खरं बोलतायत. किंमत वाढली हे खरं, पगार वाढला हेही खरं. पण या भांडणात एक गोष्ट राहून जाते. गेल्या ७०-७५ वर्षांत 'घर घेणं' या शब्दाचा अर्थच दोनदा बदलला. आजोबांनी जे घेतलं ते वडिलांनी घेतलं नाही, आणि वडिलांनी जे घेतलं ते आज बाजारात त्या रीतीनं मिळतच नाही.

हे पाहण्यासाठी मी एकच शहर घेतो, मुंबई आणि तिच्या आजूबाजूची गावं. आणि एक कुटुंब धरतो. हे कुटुंब काल्पनिक आहे, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते ओळखीचं वाटेल. आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागलेले, वडील बँकेत कारकून, आणि नात सॉफ्टवेअर कंपनीत. प्रत्येक पिढीला आपण दोनच प्रश्न विचारू. एक, घराचा पैसा कुठून आला? दोन, हातात कागद कुठला पडला?

आजोबा : भाडेपावती

पहिल्यांदा भाषा बघा. लालबाग-परळची जुनी माणसं 'घर' हा शब्द कशासाठी वापरायची? गावच्या घरासाठी. मुंबईत असायची ती 'खोली'. "घर सावंतवाडीला, खोली परळला." हा नुसता बोलण्याचा भाग नव्हता. मुंबईत आपण नोकरीपुरते आहोत, निवृत्त झालो की घरी जायचं, असा तो हिशोब होता. अनेकांची बायकामुलं गावालाच असायची. एका खोलीत दहा-बारा पुरुष पाळीपाळीनं झोपायचे, कारण गिरणीही पाळीपाळीनं चालायची.

खोल्या बांधल्या कोणी? काही गिरणीमालकांनी, बऱ्याचशा खासगी घरमालकांनी आणि काही सरकारनं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे चाळी उभ्या केल्या. त्यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. खोली साधारण १६० चौरस फुटांची आणि संडास सामायिक.

आता कायदा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरात गर्दी वाढली, भाडी वाढायला लागली. १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्यानं जुन्या जागांचं भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं आणि भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढता येणार नाही अशी तरतूद केली. कायदा तात्पुरता होता. पण मुदत संपली की वाढ, संपली की वाढ, असं करत तो पन्नास वर्षं टिकला. १९९९ च्या नव्या कायद्यानं त्याची जागा घेतली आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

याचे परिणाम दोन. घरमालकाला भाड्यातून काही सुटेना, त्यामुळे त्यानं दुरुस्ती सोडली आणि भाड्यानं देण्यासाठी नव्या इमारती बांधणंही सोडलं. दुसरीकडे भाडेकरूचा हक्क इतका पक्का झाला, की तो जवळजवळ मालकीसारखा वागायला लागला. त्याला किंमत आली आणि त्या किमतीचं नाव 'पागडी'. खोली सोडणारा माणूस येणाऱ्याकडून रोख रक्कम घेणार, त्यातला एक हिस्सा घरमालकाला जाणार. रिवाजानं हा हिस्सा साधारण एक तृतीयांश. ही देवघेव कायद्यानं निषिद्ध होती, तरी सगळं शहर ती करत होतं. १९९९ च्या कायद्यानं तिला मान्यता दिली.

तर आजोबांना आपले दोन प्रश्न विचारू. पैसा कुठून आला? पगारातून, थोडी उसनवारी, थोडे दागिने. रक्कम मोठी असली तरी गावकीतल्या चार माणसांकडून उभी राहण्यासारखी. आणि कागद कुठला? भाडेपावती. आजोबा मालक कधीच नव्हते. पण त्यांना कोणी काढूही शकत नव्हतं.

याचं मोल कधी कळलं? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार बंद झाले आणि अनेकांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. काही लोक गावाला परतले, पण बरीच कुटुंबं मुंबईत टिकली. बायकांनी खानावळी चालवल्या, मुलं मिळेल त्या कामाला लागली. हे जमलं, कारण दर महिन्याचं भाडं चणे-फुटाण्याएवढं होतं. कल्पना करा, त्या कुटुंबावर आजच्यासारखा कर्जाचा हप्ता असता तर? संपाच्या चौथ्या महिन्यात बँकेची नोटीस आली असती.

वडील : भाग दाखला

आता वडिलांकडे येऊ. खोलीत आई-वडील, भावंडं, लग्न झालेला भाऊ. जागा पुरेना. लालबाग-गिरगावात पागडी परवडेना. मग माणसं उत्तरेला आणि पूर्वेला सरकली. आधी दादर-पार्ले, मग बोरिवली, मुलुंड, ठाणे, डोंबिवली, कल्याण.

या पिढीचं वाहन होतं सहकार. ही कल्पना मुंबईत जुनी. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली नोंदली गेली, ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी एक. पण पांढरपेशा नोकरदाराच्या हाती हे साधन खऱ्या अर्थानं आलं ते १९६० नंतर. त्या साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला. बँकेतले, एलआयसीतले, पोस्टातले, मंत्रालयातले सहकारी एकत्र यायचे, संस्था नोंदवायचे, जमीन मिळवायचे. कधी सरकार सवलतीत जमीन द्यायचं. वांद्र्याच्या साहित्य सहवासासारख्या लेखकांच्या वसाहती याच वाटेनं उभ्या राहिल्या.

दुसरी वाट बिल्डरची. फ्लॅट विकत घ्यायचा ही पद्धत रूढ होत होती आणि फसवणूकही होत होती. म्हणून १९६३ साली मालकी सदनिकांचा कायदा आला. त्याला आपण 'मोफा' म्हणतो. त्यात सांगितलं, की नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरनं २० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत, रहिवाशांची संस्था करून द्यायची आणि जमीन-इमारत त्या संस्थेच्या नावावर करायची. हे शेवटचं काम असंख्य बिल्डरांनी केलंच नाही. त्यामुळे २००८ साली 'मानीव अभिहस्तांतरणा'ची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, तरतूद करावी लागली. तुम्ही जुन्या सोसायटीत राहत असाल तर घरी गेल्यावर हे एकदा विचारून बघा, आपल्या सोसायटीची जमीन नेमकी कुणाच्या नावावर आहे?

पैसा कुठून आला? इथे गंमत आहे. १९७७ साली एचडीएफसी स्थापन होईपर्यंत सामान्य पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचं कर्ज देणारी खास संस्था देशात जवळजवळ नव्हतीच. राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली १९८८ साली. मग वडिलांनी काय केलं? ऑफिसचं कर्ज काढलं, तेही कमी व्याजानं. पीएफमधून रक्कम काढली. पतपेढीतून काढलं. आईच्या पाटल्या मोडल्या. गावची कलमांची बाग असेल तर तिचा वाटा विकला. आणि उरलेलं बिल्डरला बांधकामाप्रमाणे टप्प्याटप्प्यानं दिलं. ज्यांनी नव्वदीच्या सुरुवातीला बाहेरून गृहकर्ज घेतलं, त्यांनी १२ टक्क्यांच्या वर, काहींनी १५ टक्क्यांच्या आसपास व्याज भरलं. "आम्हाला फुकट मिळालं नाही" असं ते म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नाहीत.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या वाटा एका कायम नोकरीतून फुटत होत्या. ऑफिसचं कर्ज, पीएफ, पतपेढी ही नोकरीचीच अंगं. कारकुनाला घर मिळत होतं ते पगारामुळे, आणि पगाराइतकंच त्या नोकरीच्या कायमपणामुळे.

कागद कुठला मिळाला? संस्थेचा भाग दाखला, शेअर सर्टिफिकेट. पन्नास रुपयांचे दहा भाग, म्हणजे पाचशे रुपयांचा कागद. कपाटात लॉकरच्या पिशवीत ठेवलेला. आज त्या पाचशेच्या कागदामागे डोंबिवलीत अर्धा कोटी आणि पार्ल्यात काही कोटी उभे आहेत. हे वडिलांनी ठरवून केलेलं नव्हतं. त्यांनी राहायला जागा घेतली आणि तिची मालमत्ता झाली.

मधेच एक बदल : मुलीचा हक्क

पुढे जाण्यापूर्वी कागद बदलल्यामुळे झालेला एक परिणाम सांगतो. तो फारसा कोणी बोलत नाही.

भाडेपावतीचा वारसा कोणाकडे जायचा? भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी जो कुटुंबीय त्याच खोलीत राहत असेल त्याच्याकडे. म्हणजे व्यवहारात मुलाकडे. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली, त्यामुळे तिचा प्रश्नच यायचा नाही. "मुलीचं लग्न करून दिलं, मुलाला खोली दिली" हा जो आपल्याकडचा हिशोब होता, तो या कायद्यात अगदी चपखल बसत होता.

मालकीच्या फ्लॅटला मात्र वारसा कायदा लागू होतो. हिंदू कुटुंबात १९५६ चा कायदा. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरावर, मृत्युपत्र नसेल तर, आई, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा. लग्न झालेलं असो वा नसो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला, पण स्वकष्टाच्या फ्लॅटवर तो १९५६ पासूनच होता. खोलीचा फ्लॅट झाला आणि बहीण वारसांच्या यादीत आली.

मग आपल्याकडे एक नवीन कागद घरोघरी पोचला, 'हक्कसोड पत्र'. वडील गेल्यावर तेराव्यानंतर पंधरा दिवसांत बहिणीला सांगायचं, "इथे सही कर, सोसायटीच्या कामासाठी लागते." अनेक बहिणी करतात, राजीखुशीनं करतात किंवा माहेर तुटू नये म्हणून करतात. माझं एवढंच म्हणणं आहे की ही सही कसली आहे हे तिला नीट माहीत असायला हवं. ज्या शहरात घराची किंमत आयुष्यभराच्या पगाराएवढी आहे, तिथे ती सही म्हणजे रुमालावर नाव लिहिणं नव्हे.

नात : हप्त्याचं वेळापत्रक

आता नात. तिचा पगार वडिलांनी निवृत्त होताना घेतलेल्या पगाराच्या कितीतरी पट. मग अडतंय कुठे?

२००० च्या आसपास चित्र बदललं. व्याजदर उतरले, ७-८ टक्क्यांपर्यंत आले. बँका गृहकर्जात जोरात उतरल्या. प्राप्तिकरात व्याजाची वजावट वाढून दीड लाख झाली, नंतर दोन लाख. कर्ज सोपं झालं, सगळ्यांना आनंद झाला. पण मुंबईत जमीन वाढत नाही. एकाच जागेसाठी दहा जणांच्या हातात जास्त कर्ज आलं, तर जागेची किंमत चढणार. स्वस्त व्याजाचा बराचसा फायदा किमतीनं गिळला.

आता आकडे मांडू. वही-पेन असेल तर लिहून घ्या. ठाण्याच्या पलीकडे कुठेतरी एक कोटीचा फ्लॅट धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ७५ लाखांपर्यंतच्या मोठ्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्के, आणि त्यावरच्या कर्जात ७५ टक्के देऊ शकते. म्हणजे इथे कर्ज ७५ लाख. स्वतःचे २५ लाख. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर ६ लाख, नोंदणी ३० हजार. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर २०२१ पासून शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती जरूर घ्या. इमारत बांधकामाधीन असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा. तो सोडून दिला तरी पहिल्या दिवशी हातात ३१ लाख ३० हजार रोख हवेत.

आता ७५ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता येतो ६५ हजार रुपये. एकूण परतफेड १ कोटी ५६ लाख. बँका साधारणपणे हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत धरतात, म्हणजे महिन्याला १ लाख ३० हजार तरी हातात यायला हवेत. नवरा-बायको दोघं नोकरी करत असतील तर हे जमतं. म्हणजे हप्ता एकवेळ जमतो. अडतं ते ३१ लाखांशी.

ते ३१ लाख कुठून येतात? इथे मी तुम्हाला दोन मैत्रिणींची कल्पना करायला सांगतो. एकाच कंपनीत, एकाच पगारावर, एकाच दिवशी लागलेल्या. पहिली आपली नात. तिच्या वडिलांचा डोंबिवलीत फ्लॅट आहे, ती तिथेच राहते. दुसरी लातूरहून आली आहे, ऐरोलीत भाड्यानं राहते, भाडं २५ हजार. दोघींचा बाकीचा खर्च सारखा. दहा वर्षांत दुसरीनं किती भाडं भरलं? २५ हजार गुणिले १२ गुणिले १०. तीस लाख. भाडं दर वर्षी वाढतं ते मी धरलेलंच नाही.

बघा, पहिल्या दिवशी लागणारी रक्कम ३१ लाख आणि दहा वर्षांचं भाडं ३० लाख. पहिलीकडे ती रक्कम जमली, दुसरीकडे गेली. दोघींची हुशारी, मेहनत, काटकसर सारखीच. फरक एवढाच, की एकीच्या वडिलांनी १९८८ साली डोंबिवलीत जागा घेतली होती. शिवाय कमी पडले तर तेच वडील निवृत्तीच्या पैशातून दहा लाख पुढे करतात. दुसरीचे वडील शेतकरी, त्यांना ते शक्य नाही.

माझ्या आजच्या बोलण्यातलं एक वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. आजोबांना खोली मिळाली हक्कातून, वडिलांना फ्लॅट मिळाला नोकरीतून, आणि नातीला घर मिळतं ते घरातून. ज्याच्या घरात आधीच घर आहे, त्याला घर मिळणं सोपं. नोकरी त्यावर हप्ता भरते, पण दार उघडते ती आधीच्या पिढीची मालमत्ता.

म्हणून "तुमची पिढी आणि आमची पिढी" ही तुलना आता अपुरी पडते. खरी दरी नातीच्याच पिढीत आहे, त्या दोन मैत्रिणींच्या मधे.

'मालकीचं घर' म्हणजे काय मोजतो आपण?

कोणी म्हणेल, पण आकडेवारी तर सांगते की मालकी वाढली. बरोबर आहे. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत दिलंय, की भारतातल्या शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलं. म्हणजे पन्नास वर्षांत निम्मं. शहरं भाडेकरूंची होती, ती मालकांची झाली.

पण हाच आकडा जरा उलटून बघा. २०११ च्या जनगणनेत झोपडपट्टीतल्या कुटुंबांपैकीही सुमारे ७० टक्के 'मालकीच्या घरात' राहतात. छप्पर त्यांचं, म्हणून मालकी. खालची जमीन कुणाची, हा प्रश्न जनगणना त्या रकान्यात विचारत नाही. पाडकामाची नोटीस आली तर त्या मालकीचं काय, हेही नाही. शंभर चौरस फुटांचं पत्र्याचं घर आणि पार्ल्याचा फ्लॅट एकाच रकान्यात जातात.

आणि भाड्याची घरं कमी होणं ही चांगली बातमी आहे का? शहरात नवीन येणाऱ्या माणसाला पहिली जागा भाड्यानंच लागते. आजोबांना ती मिळाली होती. आज त्या दर्जाची, त्या संरक्षणाची भाड्याची जागा मिळत नाही. त्याच आर्थिक पाहणीत असंही आहे, की मुंबईत २०११ मध्ये सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती. एकीकडे रिकामी घरं, दुसरीकडे घर शोधणारी माणसं. मालक म्हणतो, भाड्यातून किमतीच्या दोन-तीन टक्केच मिळतात आणि भाडेकरू बसला तर? ही 'बसला तर'ची भीती १९४७ च्या कायद्यातून आलेली आहे. कायदा बदलला, भीती तशीच आहे. म्हणून अकरा महिन्यांचा करार.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही असं अनेकांना वाटतं. महाराष्ट्रात असं नाही. इथे लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची आहे, मुदत कितीही असो, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार दोन-तीन वर्षांचाही करता येतो. दोघांची संमती असेल तर जरूर करावा. मुलांची शाळा दर अकरा महिन्यांनी बदलत नाही.

प्रश्नोत्तरं

(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन.)

*भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, असं आम्ही ऐकत आलो. तुमचं मत?*

आपलंच उदाहरण घ्या. ७५ लाखांच्या कर्जाचा पहिला हप्ता ६५ हजारांचा. त्यात व्याज किती? ५३ हजार. मुद्दल फक्त १२ हजार. हप्त्यातलं मुद्दल व्याजापेक्षा जास्त व्हायला सुमारे बारा वर्षं लागतात. भाडं हे जागेचं भाडं, तसं व्याज हे पैशाचं भाडं. दोन्ही जातात. तरी घर घेण्याला अर्थ आहे, कारण कोणी 'खाली करा' म्हणत नाही. त्या निश्चिंतीची किंमत तुम्ही देताय, आणि ती द्यावीशी वाटली तर द्या. फक्त नोकरी बदलायची असेल, शहर बदलायचं असेल, किंवा हप्ता भरून हातात काहीच उरत नसेल, तर नातेवाईक काय म्हणतील म्हणून घर घेऊ नका. ज्या घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला नाही, तिथे मोठा हप्ता म्हणजे रोज एक काळजी.

*मी निवृत्त आहे. मुलाच्या नावावर घर आत्ताच करून द्यावं का? मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये आहे असं ऐकलं.*

काका, शुल्काचं तुम्ही बरोबर ऐकलंत. राहतं घर मुलामुलींना बक्षीसपत्रानं देताना मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणी खर्च वेगळा. पण स्वस्त आहे म्हणून करू नका. आपल्या हयातीत राहतं घर आपल्या नावावर असणं, हा म्हातारपणाचा आधार आहे. त्याऐवजी मृत्युपत्र करा, साक्षीदारांसमोर करा, जमलं तर नोंदवा. आणि ते केल्याचं मुलाला आणि मुलीला, दोघांनाही एकत्र बसवून सांगा. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे काम झालं असं समजू नका. नॉमिनी मालक होत नाही. तो वारसांच्या वतीनं सांभाळणारा असतो. घर द्यायचंच असेल, तर 'माझा सांभाळ करण्याच्या अटीवर' असं कागदात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात, ती अट मोडली तर व्यवहार रद्द करून मागता येतो. अट लिहिलेलीच नसेल तर सिद्ध करणं कठीण जातं.

*चाळीत राहिलेल्यांना पुनर्विकासात मोठी घरं मिळतायत. मग ज्यांनी कर्ज काढून लांब फ्लॅट घेतले तेच फसले, नाही का?*

काहींच्या बाबतीत तसं वाटणं साहजिक आहे. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० फुटांच्या खोलीच्या जागी ५०० फुटांचं मालकीचं घर आहे. वरळीत पहिल्या रहिवाशांना २०२५ साली चाव्या मिळाल्या. शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींतही भाडेकरू पुनर्विकासात मालक होतो. पण त्यासाठी किती वर्षं गेली ते बघा. कित्येक माणसं ती चावी न बघताच गेली. गिरणी कामगारांच्या घरांचं तर विचारूच नका. अर्ज दीड लाखाच्या वर, पहिली सोडत २०१२ साली निघाली, आणि अजूनही बहुतेक अर्जदार थांबलेलेच आहेत. तोपर्यंत मूळ कामगार ऐंशीच्या घरात पोचला.

आणि यातही आपला मुद्दा पुन्हा दिसतो. चाळीतल्या नातवाला हे ५०० फुटांचं घर मिळतं ते आजोबांच्या भाडेपावतीमुळे. त्याच चाळीच्या तळमजल्यावर दुकानात काम करणारा, जिन्याखाली झोपणारा पोरगा तितकीच वर्षं तिथे असेल, पण त्याच्याकडे पावती नाही. त्याला काहीच मिळत नाही.

म्हणून ज्यांच्या घरात घर आहे त्यांना माझी एक विनंती. मुलांना "आम्ही केलं, तुम्ही का करत नाही" असं विचारण्यापूर्वी, आपल्याला काय काय मिळालं होतं त्याची यादी एकदा कागदावर करा. ऑफिसचं कर्ज, कायम नोकरी, सवलतीची जमीन, बांधलेलं भाडं. यातलं आज काय शिल्लक आहे? आणि मुलांनी आपल्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, भाड्यानं राहणाऱ्या सहकाऱ्याकडे बघावं. दोघांचा पगार एक आहे. दोघांची सुरुवात एक नाही. घरांबद्दल सरकारकडे काही मागायचं असेल, तर त्या दुसऱ्या माणसाला आधी लागेल ते मागा, म्हणजे सुरक्षित, परवडणारी, पाच-दहा वर्षं निर्धास्त राहता येईल अशी भाड्याची घरं. आजोबा या शहरात उभे राहिले ते अशाच एका खोलीच्या जोरावर.